आपल्या शाळेच्या नावातले सेंट फ्रान्सिस

स्मरणिकेच्या संपादक मंडळातून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. "तू आयुष्यभर इतिहास शिकवलास ना बे, मग शाळेचं नाव ज्याचं आहे त्याच्यावर दोन पानं लिही. आणि मराठीत लिही, इंग्रजीत लिहिणारे ढीगभर आहेत," असा एकूण आदेश होता. आपल्या अठ्ठ्याहत्तरच्या तुकडीत नाही म्हणण्याची सोय नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

खरे सांगायचे तर हा माणूस कोण, हे दहा वर्षे त्याच्या नावाचा बिल्ला छातीवर लावूनही मला माहीत नव्हते. कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा तास असे तेव्हा आपण मॉरल सायन्सला असायचो, आणि 'एसएफएस' ही तीन अक्षरे इतकी तोंडात बसलेली होती की त्यांच्यामागे कोणी माणूस असेल हे डोक्यातच येत नसे. माझ्या आईची समजूत अशी होती की गोव्याला ज्यांचे शव ठेवले आहे तेच हे सेंट फ्रान्सिस. ते झेवियर, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. पक्ष्यांशी बोलणारे ते असिसीचे फ्रान्सिस, त्यांच्याही तीनशे वर्षे आधीचे. आपले तिसरे. या तिघांत सगळ्यात कमी चमत्कारांचे आणि सगळ्यात जास्त पत्रे लिहिणारे.

ते नागपूरला कसे पोचले, हे आधी सांगतो. फ्रान्सच्या आल्प्स डोंगरात अ‍ॅनसी नावाचे गाव आहे, तळ्याकाठी. तो मुलूख तेव्हा सॅव्हॉय म्हणून ओळखला जाई. फ्रान्सला तो कायमचा जोडला गेला १८६० साली. तिथे पीटर मर्मिये या धर्मगुरूंनी १८३८ मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा एक संघ काढला. त्यांची पहिली तुकडी १८४५ साली हिंदुस्थानकडे निघाली आणि तिने विशाखापट्टणला तळ टाकला. त्या मिशनचा पसारा एवढा मोठा होता की नागपूर आणि कामठीची छावणीही त्यातच येई. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी गेले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली आणि १८७० मध्ये आपली शाळा सुरू झाली. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ चा. पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ हे याच संघाचे. सेमिनरी हिल्सचे कॉलेज बरेच अलीकडचे, १९५६ चे. डॉन बॉस्को संस्थेलाही याच संतांवरून 'सेलेशियन' म्हणतात, त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. आपले फादर त्या संस्थेचे नव्हेत. ते फ्रान्सॅलियन, थेट फ्रान्सिस यांच्या गावचे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ चा, थोराँ गावाजवळच्या सेल्सच्या गढीतला. घराणे सरदारांचे. वडिलांनी थोरल्या मुलाचा सगळा मार्ग आखून ठेवला होता: पॅरिसला शिक्षण, मग इटलीत पादुआला कायदा, मग राजाच्या दरबारी मानाची जागा, आणि त्या जागेला शोभेल अशी सून. मुलगा पॅरिसला शिकला, १५९१ मध्ये पादुआहून कायद्याचा डॉक्टर होऊन आला, शांबेरीच्या न्यायसभेत वकील म्हणून त्याचे नावही लागले. मग तो म्हणाला, मला पाद्री व्हायचे आहे. आपल्याकडच्या कुठल्याही वकिलाच्या घरी जे झाले असते ते तिथेही झाले. शेवटी वडील नमले आणि डिसेंबर १५९३ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. आपल्या शाळेतून पुढे हरीश साळवे आणि सरन्यायाधीश शरद बोबडे निघाले, याचा आपण दर मेळाव्यात उल्लेख करतो. ज्यांच्या नावाची शाळा तेही वकीलच होते, आणि वकिली सोडून पळालेले होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

दीक्षा झाली आणि वर्षभरात त्यांनी स्वतःहून अवघड काम अंगावर घेतले. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठचा शाब्ले हा प्रांत साठ वर्षांपासून प्रॉटेस्टंट झालेला होता. सप्टेंबर १५९४ मध्ये फ्रान्सिस आपल्या चुलतभावाला घेऊन पायीच तिकडे निघाले. रात्री आलाँजच्या किल्ल्यात मुक्काम, दिवसा थोनों गावात प्रवचन. ऐकायला जवळपास कोणी नाही. लोक त्यांच्या समोरसुद्धा येत नसत, कारण दिसले तर शेजारी नावे ठेवणार. थंडीत लांडग्यांच्या भीतीने त्यांनी एक रात्र झाडावर स्वतःला पट्ट्याने बांधून काढली, मोडलेल्या पुलाच्या बर्फाळ तुळईवरून रांगत ते नदीपार जात, अशा गोष्टी सांगतात. त्यातल्या किती घडल्या आणि किती भक्तांनी वाढवल्या, याचा हिशेब मी करत बसणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ऐकायला कोणी येत नाही म्हटल्यावर या माणसाने आपले म्हणणे सुट्या कागदांवर लिहायला सुरुवात केली. काही हाताने नकलून, काही छापून ते कागद लोकांच्या दाराखालून आत सरकवले, चौकात लावले. ज्याला उघडपणे येता येत नाही त्याने रात्री दार लावून वाचावे. याच कामामुळे १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना पत्रकारांचे आणि लेखकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.

चार वर्षांत शाब्ले पुन्हा कॅथलिक झाला. चरित्रांमध्ये हे सगळे गोडव्याने झाले असे लिहिलेले असते. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे एवढे जोडणे भाग आहे की १५९८ मध्ये सॅव्हॉयचा ड्यूक स्वतः थोनोंला आला, आणि राजाचा धर्म न मानणाऱ्यांना मुलूख सोडावा लागला. कागद दाराखालून गेले हे खरे, आणि दाराबाहेर शेवटी सत्ता उभी होती हेही खरे. संत झाला म्हणून माणूस आपल्या काळाच्या बाहेर जात नाही.

१६०२ मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात, त्यामुळे गादी जिनिव्हाची आणि राहणे अ‍ॅनसीत. १६०९ मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक निघाले. नात्यातल्या एका संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून ते तयार झाले. भक्ती मठातच होते असे नाही, शिपाई, कारागीर, लग्न झालेली बाई यांनाही ती आपापल्या जागी करता येते, हा त्याचा गाभा. आपल्याकडे सावता माळी, गोरा कुंभार, जनाबाई यांच्यामुळे ही गोष्ट आपल्याला नवी वाटत नाही. तिकडे ती नवी होती आणि काहींना झोंबलीही. पुढच्याच वर्षी जेन द शांताल या विधवा बाईंबरोबर त्यांनी जोगिणींचा एक संघ काढला. त्यावर लिहायला हवे, पण मला पुढे जायचे आहे.

त्यांच्या सौम्यपणाची फार ख्याती आहे. मुळात स्वभाव तापट; तो आवरायला वर्षानुवर्षे लागली असे त्यांच्या निकटचे सांगत. २८ डिसेंबर १६२२ रोजी ल्याँमध्ये मठाच्या माळ्याच्या खोलीत त्यांनी देह ठेवला, तेव्हा शवविच्छेदनात पित्ताशयात खडे निघाले. लोक म्हणाले, हा गिळलेला राग. डॉक्टर लोक हसतील, आपल्या तुकडीत चार-पाच आहेत. मला ही दंतकथा आवडते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येतो. तो माणूस फ्रान्सिस नव्हे.

१६०५ साली लेंटच्या दिवसांत बिशप फ्रान्सिस ला रोश गावी प्रवचनांसाठी गेले होते. जिथे उतरले तिथे मार्टिन नावाचा एक जवान गडी वरकामाला होता. जन्माचा बहिरा, त्यामुळे मुका. कामाला चांगला, पण धर्माचे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते आणि देता येईल असे कोणाला वाटतही नव्हते. श्रद्धा ऐकण्यातून येते असे संत पौलाचे वचन आहे. त्याचा अर्थ काही जण असा लावत की ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रद्धाही मिळणार नाही. फ्रान्सिस यांनी वाद घातला नाही. त्या गड्याला अ‍ॅनसीला आपल्या घरी नेले आणि स्वतः शिकवायला बसले. हाताच्या खुणांनी. त्या खुणा कोणत्या होत्या ते कुठे लिहून ठेवलेले नाही. दोघांनी मिळूनच बसवल्या असणार. पुढे मार्टिनने पापनिवेदन केले, त्याला कम्युनियन मिळाले, आणि तो बिशपांच्या घरातच राहिला, त्यांच्या मृत्यूपर्यंत. याच कारणाने बहिऱ्यांचेही आश्रयदाते म्हणून फ्रान्सिस यांना मानतात.

हे वाचले तेव्हा मी निवृत्त होऊन एक वर्ष झाले होते. ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले.

ही गोष्ट इतिहासात कुठे बसते ते पाहा. बहिऱ्यांना शिकवण्याचा प्रयत्न फ्रान्सिस यांनी पहिल्यांदा केला असे नाही. स्पेनमध्ये पेद्रो पोन्से द लिओन या संन्याशाने त्यांच्याआधी पन्नासेक वर्षे हे काम केले होते, आणि या विषयावरचे पहिले छापील पुस्तक हुआन पाब्लो बोने याने १६२० मध्ये माद्रिदला काढले. पण स्पेनमधली ती मुले बड्या सरदारांची होती. बोलता येत नसेल तर हक्क आणि वारसा धोक्यात येई, म्हणून त्यांना बोलायला शिकवणे घराण्याच्या गरजेचे होते. मार्टिनच्या मागे कोणती जहागीर होती? त्याला शिकवून कोणाचाच फायदा नव्हता.

आणि तिकडचे कशाला बोलायचे. आपल्या मनुस्मृतीत जन्मांध आणि जन्मबधिर यांना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र. हा नियम हिंदू वारसा कायद्यात इंग्रजी अमलातही चालत राहिला. १९२८ च्या कायद्याने तो गेला. म्हणजे माझे आजोबा तरुण होते तोपर्यंत बहिरा मुलगा घरात जेवू शकत होता, पण घर त्याचे नव्हते.

मित्रहो, तुमच्यातल्या बहुतेकांना मी दोन बहिणींचा एकुलता एक भाऊ म्हणून माहीत आहे. ते खरे नाही. मला एक धाकटा भाऊ आहे. तो जन्मतः बहिरा आहे.

आम्ही तेव्हा महालात वाड्यात राहत होतो. मी नववीत होतो, दिवाळीची सुट्टी होती. सदरकडून सायकली हाणत तुम्ही तिघे जण इतिहासाच्या वहीसाठी आलात. भाऊ ओसरीवर होता. कोणी आले की त्याला फार आनंद व्हायचा. तो हातवारे करत, तोंडाने मोठा आवाज काढत पुढे आला. तुमच्यातल्या एकाने विचारले, "हा कोण बे?" मी म्हणालो, "शेजारचा आहे." आणि त्याला हाताने आत ढकलले, शेजारच्या मुलाला ढकलावे तसे. आई मागे सरबताचे पेले घेऊन उभी होती. तिने ऐकले. तिने तुम्हाला सरबत दिले, वह्या कुठल्या, परीक्षा कधी, सगळे विचारले, आणि त्या दिवसानंतर आजन्म या विषयावर मला एक शब्द बोलली नाही. ती गेली त्याला आता बारा वर्षे झाली.

तुम्ही परत येऊ नये म्हणून मी पुढे तुमच्या घरी जायला लागलो. मी अभ्यासू होतो म्हणून सगळ्यांकडे वह्या घेऊन फिरायचो, असे जे माझ्याबद्दल मेळाव्यात सांगतात, त्याचे कारण हे आहे.

भाऊ बहिऱ्यांच्या शाळेत शिकला. त्या काळी अशा शाळांमध्ये ओठ वाचणे आणि बोलणे यावर भर असे, खुणांना जागा नव्हती. हेही कोणा एका शाळेचे नव्हे. १८८० मध्ये इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणांऐवजी बोलण्यावर शिक्षण द्यावे असा ठराव केला. त्याचे पडसाद जगभर शंभर वर्षे राहिले. आपल्या देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा मुंबईला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने त्याच दशकात निघाली, म्हणजे ती जन्मली तीच या वाऱ्यात. फ्रान्सिस यांनी ला रोशच्या गड्याशी हातांनी बोलून पावणेतीनशे वर्षे झाली होती, आणि शहाण्या माणसांनी ठरवले की हात खाली ठेवा. घरी आमचा भाऊ आईशी हातांनीच बोलायचा. तिने त्याच्याबरोबर बसवलेल्या खुणा होत्या, जगात त्या दोघांनाच कळणाऱ्या. 'शाळा'साठी ती कपाळाला बोट लावायची, का ते मला माहीत नाही. मी त्यातल्या दहा-बाराच शिकलो. जेव, झोप, बाबा आले, गप्प बस.

तो पुढे एका छापखान्यात कंपोझिंगला लागला. मशीनच्या खडखडाटाचा त्याला त्रास नव्हता आणि नजर तयार होती. खिळे उलटे वाचायचे असतात. तो ते आपण सुलटे वाचतो त्याहून भरभर वाचायचा. खिळे गेले, ऑफसेट आले, मग कॉम्प्युटर आला, तोही तो शिकला. इतवारीतल्या किती लग्नपत्रिका आणि किती दिवाळी अंकांची पाने त्याच्या हाताखालून गेली असतील, याची गणती नाही. पत्रकारांचा, छापणाऱ्यांचा आणि बहिऱ्यांचा एकच आश्रयदाता असावा आणि त्याच्या नावाचा बिल्ला माझ्या छातीवर असावा, भावाच्या नव्हे, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

गेली पंधरा वर्षे माझे सगळे लिखाण तोच टाइप करतो. मला मराठी टायपिंग येत नाही आणि माझे अक्षर त्याच्याशिवाय कोणाला लागत नाही. त्यामुळे हा लेखही त्याच्याकडेच द्यावा लागणार होता. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावा, असा विचार दोन दिवस केला. मग दिला. मला नेहमी वाटत आले होते की त्या दिवशी ओसरीवर त्याला काही कळले नसेल. ऐकू तर येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने प्रिंट काढून आणून दिली. नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. 'ला रोश' मी दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिले होते, ते एक केलेले. वाड्याच्या परिच्छेदापाशी समासात पेन्सिलीने लिहिले होते: "नववी नाही, आठवी. नववीत आपण वाडा सोडला होता. आणि तिघे नव्हते, चौघे. चौथा बाहेर सायकली धरून उभा होता."

या दोन चुका मी वर मुद्दाम दुरुस्त केलेल्या नाहीत. चौथा कोण ते मला काही केल्या आठवत नाही; भावाला चेहरा आठवतो, नाव अर्थातच माहीत नाही. तुमच्यापैकी जो कोणी असेल त्याने मेळाव्याच्या दिवशी आम्हाला शोधावे. भाऊ माझ्याबरोबर येणार आहे.